अठराशे तासांची विद्या

शिकण्याला वयाची मर्यादा नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे म्हणणे खरेच आहे. परंतु म्हणणारे बहुधा एक गोष्ट सांगावयास विसरतात. शिकण्याला वेळ लागतो, आणि ज्याच्यामागे नोकरी आहे, घर आहे, मुलांच्या शाळा आहेत, त्याच्या दिवसातून अभ्यासासाठी फार थोडे तास उरतात. युरोपच्या उत्तर समुद्राकाठी आज अनेक अभियंते या तासांचा हिशेब मांडून पाहत आहेत. खनिज तेलाच्या किंवा जहाजबांधणीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालविल्यानंतर त्यांना समुद्रावरील वाऱ्यापासून, लाटांपासून आणि भरती-ओहोटीपासून वीज निर्माण करण्याची विद्या शिकावयाची आहे, आणि तीही नोकरी न सोडता. ही विद्या कोणती, ती कशी शिकवितात आणि शिकणाऱ्याला तिच्यासाठी काय मोजावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा उद्योग फार जुना नाही. डेन्मार्कमधील लोलंड बेटाजवळ विंडेबी येथे १९९१ साली उथळ पाण्यात अकरा चक्क्या उभ्या राहिल्या. जगातील ही पहिली समुद्री पवनवसाहत होय. प्रत्येक चक्कीची शक्ती ४५० किलोवॅट. साऱ्यांची बेरीज केली तरी पुरते पाच मेगावॅट भरत नव्हते. पंचवीस वर्षे सेवा करून २०१७ साली ती वसाहत उतरविण्यात आली. पुढे दोनच वर्षांनी, इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर असलेली हॉर्नसी वसाहत वीज देऊ लागली. तीत १७४ चक्क्या असून प्रत्येकीची शक्ती ७ मेगावॅट आहे. जो अभियंता विंडेबीच्या काळात पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच्या पाठ्यपुस्तकांत यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत एक नवे शास्त्र उभे राहिले आणि तो त्याच्या बाहेर राहिला.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन हे शहर यासाठी डोळ्यांपुढे आणावे. उत्तर समुद्रात १९७० च्या सुमारास मोठे तेलसाठे सापडले, १९७५ मध्ये ब्रिटनच्या हद्दीतील तेल वाहू लागले आणि मासेमारीचे हे जुने बंदर तेलाची राजधानी बनले. तेथील अभियंता दोन-तीन आठवडे समुद्रातील फलाटावर राहतो आणि तितकेच दिवस घरी काढतो. लाट, वारा, गंज आणि वादळ यांची त्याची ओळख पुस्तकी नसते. सुरक्षिततेची शिस्तही त्याने मोठी किंमत देऊन मिळविलेली असते. १९८८ साली पायपर अल्फा या फलाटावर आग लागून १६७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर, आपला फलाट सुरक्षित कसा, हे लेखी सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी ब्रिटनमध्ये चालकांवर आली. अशा माणसाला पवनचक्कीचे काम शिकण्यासाठी पुन्हा विद्यापीठात जावयाची गरज काय, अशी शंका साहजिकच येते.

या शंकेचे उत्तर उत्तर समुद्रानेच दिले आहे. समुद्रातील पुष्कळ चक्क्या एकाच जाड पोलादी खांबावर उभ्या असतात. हा पोकळ खांब समुद्रतळात ठोकतात, त्याच्या डोक्यावर दुसरी मोठी नळी टोपणासारखी बसवितात आणि दोहोंमधील फटीत सिमेंटचे घट्ट मिश्रण भरतात. ही जोडणी तेलाच्या फलाटांवर अनेक वर्षे वापरात होती आणि तेथे ती विश्वासू ठरली होती. तीच चक्क्यांसाठी उचलण्यात आली. परंतु २००९-१० च्या सुमारास असे आढळून आले की, अनेक चक्क्यांच्या टोपणनळ्या सूक्ष्म गतीने खाली सरकत आहेत. फलाटाचे पाय बारीक असतात आणि त्यांवर मुख्यतः वजनाचा दाब असतो. चक्कीचा खांब मात्र अनेक मीटर व्यासाचा, आणि उंच मनोऱ्यावरील वारा त्याला अहोरात्र एका अंगास वाकवू पाहतो. या वाकविण्याने सिमेंट आणि पोलाद यांची पकड सुटत गेली. नियम बदलावे लागले. पुढे काही ठिकाणी नळ्या किंचित निमुळत्या करण्यात आल्या, तर काही ठिकाणी पोलादावर उंचवटे ठेवून सिमेंटला धरावयास जागा देण्यात आली. जुना अनुभव येथे खोटा नव्हता. तो ज्या परिस्थितीत खरा होता ती परिस्थिती बदलली होती. जवळचा कोणता अनुभव बरोबर न्यावा आणि कोणता पुन्हा तपासावा, हा विवेक शिकविणे हेच या पदव्युत्तर अभ्यासाचे खरे कार्य होय.

अभ्यासाचे विषयही याच दृष्टीने योजलेले असतात. प्रथम वाऱ्याचे गणित. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ८ मीटर वेगाचा वारा १० मीटरवर गेला, तर शक्ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच जागा निवडताना लहानशी चूक महागात पडते. त्यातही वाऱ्याची सारी शक्ती चक्कीला घेता येत नाही. आदर्श चक्कीलासुद्धा ५९.३ टक्क्यांहून अधिक भाग काढून घेता येणार नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखविले.

दुसरा विषय धातूच्या थकण्याचा. पंचवीस वर्षांत सुमारे ७९ कोटी सेकंद असतात. दर आठ सेकंदांस एक लाट धरली, तर एका खांबाला आयुष्यात जवळजवळ दहा कोटी तडाखे सोसावे लागतात. एकही तडाखा मोडण्याजोगा नसतो, पण त्यांची बेरीज मोडू शकते. शिवाय पात्यांचे फिरणे आणि मनोऱ्याचे स्वाभाविक डोलणे यांची लय जुळली, तर नेमक्या क्षणी ढकललेल्या झोपाळ्यासारखे ते डोलणे वाढत जाते. ही लय जुळू न देणे हे आराखडा करणाऱ्याचे कौशल्य असते.

तिसरा विषय वीज किनाऱ्यावर आणण्याचा. समुद्रतळावरील तार लांब झाली की, प्रत्यावर्ती प्रवाहाचा बराच भाग तार भारित करण्यातच गुंतून पडतो. हॉर्नसीच्या वाटेवर त्यासाठी मध्येच एक समुद्री ठाणे उभारावे लागले. तर डॉगर बँक या २०२३ मध्ये पहिली वीज देणाऱ्या वसाहतीसाठी एकदिश प्रवाहाचा मार्ग स्वीकारण्यात आला. चौथा विषय देखभालीचा. लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की, साध्या नौकेतून चक्कीवर चढणे बहुधा थांबवावे लागते. बिघाड दहा मिनिटांत दुरुस्त होण्याजोगा असला तरी समुद्र वाट पाहावयास लावतो, आणि तेवढे दिवस वीज नाही व उत्पन्नही नाही. यांखेरीज तरंगत्या चक्क्यांचा भाग असतो. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ २०१७ साली अशा पाच चक्क्या नांगरून ठेवण्यात आल्या. लाटा व भरती-ओहोटी यांवरील यंत्रे २००३ पासून ऑर्कने बेटांवरील चाचणी केंद्रात पारखली जातात. त्यांतील काही टिकली, काही कंपन्यांचे दिवाळे निघाले. तोही अभ्यासाचाच भाग आहे.

आता वेळाचा हिशेब. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवीला १८० श्रेयांक लागतात आणि एका श्रेयांकामागे दहा तासांचे श्रम गृहीत धरतात. व्याख्याने, वाचन, गणिते, परीक्षा आणि प्रबंध मिळून हे अठराशे तास होतात. पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी ते एका वर्षात पुरे करतो. नोकरदाराने तीन वर्षे घेतली आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर दर आठवड्यास बारा तास पडतात; दोन वर्षांत उरकावयाचे म्हटले, तर अठरा. साठ श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि एकशेवीसनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही अनेक ठिकाणी असते. प्रकृती बिघडली, बदली झाली किंवा घरात अडचण आली, तर केलेले श्रम वाया जात नाहीत.

शिकविण्याच्या पद्धती दोन प्रकारच्या आहेत. एका पद्धतीत विद्यार्थी रजा काढून विद्यापीठात आठवडाभर राहतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच विषय शिकतो आणि उरलेले काम घरी पुरे करतो. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे अशी रीत रूढ आहे. दुसरी पद्धत घरबसल्या शिकण्याची. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने पवनऊर्जेचा दोन वर्षांचा अंशकालीन अभ्यासक्रम अशा रीतीने चालविला आहे. पाळीवर समुद्रात जाणाऱ्याला दुसरी पद्धत सोयीची वाटते. परंतु प्रयोगशाळेचा लाभ पहिलीतच अधिक. एडिंबरो येथे २०१४ पासून एक वर्तुळाकार पाण्याचे कुंड आहे. त्याच्या कडेने १६८ पाती बसविलेली असून, कोणत्याही दिशेची लाट त्यात हुकमाप्रमाणे उठविता येते. असे कुंड काही घरी आणता येत नाही.

अंशकालीन विद्यार्थ्याचा एक लाभ मात्र पूर्ण वेळ शिकणाऱ्याला क्वचितच मिळतो. शेवटचे साठ श्रेयांक प्रबंधाचे असतात आणि त्यासाठी तो आपल्याच कामातला प्रश्न निवडू शकतो. कोणत्या महिन्यांत दुरुस्तीची नौका रिकामी परतते, कोणती जोडणी आधी गंजते, जुन्या फलाटाच्या तपासणीची कोणती पद्धत चक्कीला लागू पडेल, असे प्रश्न वर्गात बसून सुचत नाहीत. मालकाची लेखी संमती आधी घ्यावी लागते हे खरे. कारण कारखान्याची माहिती प्रबंधात छापणे ही नाजूक बाब असते. पण ती मिळाली, तर विद्यापीठाला खरा प्रश्न आणि कारखान्याला तपासलेले उत्तर मिळते.

भारतातील अभियंत्यांना हे सारे परके वाटावयास नको. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये तेल लागले आणि तेव्हापासून समुद्री फलाटांवर काम करणाऱ्यांच्या पिढ्या येथे तयार झाल्या आहेत. तेलाच्या कामानिमित्त बडोद्यास स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. समुद्री पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर झाले. २०१७ मध्ये खंभातच्या आखातात वारा मोजणारे यंत्र बसविण्यात आले. आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या वसाहतींस साहाय्य म्हणून, बंदरांच्या खर्चासह, ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गोव्यात बेतूल येथे त्याच वर्षी समुद्रात जीव वाचविण्याचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. समुद्री अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण चेन्नई व खरगपूर येथील तंत्रशिक्षण संस्थांत मिळते. तथापि २०२५ च्या मध्यापर्यंत भारताच्या समुद्रात वीज देणारी एकही पवनवसाहत उभी नव्हती, हे विसरून चालणार नाही. पदवी हाती पडताच येथे नोकरी तयार असेल, या भरवशावर कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी काही प्रश्न रोखठोक विचारून घ्यावेत. शुल्काचा भाग मालक उचलील काय? उचलल्यास किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही? पदवी घेतल्याला पंधरा-वीस वर्षे लोटली असतील, तर गणिताची उजळणी करून घेण्याची सोय आहे काय? परीक्षेच्या आठवड्यात रजा मिळेल काय? आणि शेवटचा प्रश्न विद्यापीठाला नव्हे, तर घरी विचारावयाचा. आठवड्याचे ते बारा तास कोणाच्या वाट्याचे आहेत? रविवारची दुपार, मुलांचा अभ्यास, आजारी आईवडिलांजवळ बसण्याची संध्याकाळ, यांतूनच ते काढावे लागणार. ज्या घरात हा हिशेब पतिपत्नींनी समोरासमोर बसून आधी मांडला, तेथे तीन वर्षे निभावून नेणे सोपे जाते. जेथे तो मांडला नाही, तेथे पहिल्या परीक्षेच्या आतच पुस्तके फळीवर चढतात. अठराशे तास विद्यार्थ्याचे म्हणून मोजले जातात. परंतु त्यांतील पुष्कळसे घरातल्या इतरांनी दिलेले असतात, आणि त्यांना आधी विचारणे हेच न्याय्य होय.