पैसा, धान आणि ऐकीव गोष्टी

धानाची मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात पैसा हिंडू लागतो. कृषी केंद्राची उधारी फिटते, सोसायटीचं खातं मिटतं, घरातल्या लग्नाची खरेदी निघते. बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती मोठी रक्कम येते ती याच एका हंगामात. त्यामुळे पैशाबद्दलचा एखादा गैरसमज त्यांना फार महाग पडतो. ज्याच्या गाठीशी भरपूर आहे तो चूक पचवतो. ज्याची वर्षाची कमाई एका पासबुकात मावते त्याचं वर्ष वाया जातं. म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : पूर्वी आपल्याकडे पैसा नव्हताच, सगळा व्यवहार धान्यावर चालायचा.

वस्तुस्थिती : धान्यावर पुष्कळ व्यवहार चालत, पण पैसाही होता. वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० साली झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी ते भरभराटीचं नगर होतं. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. म्हणजे विदर्भात नाणं जुनंच आहे.

धान्य आणि नाणं यांची कामं मात्र वेगळी होती. सुतार, लोहार, न्हावी वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर धानाचा वाटा घ्यायचे. हात बदलायचं ते धान्य, पण मुळात ती ओळखीवर चालणारी वर्षभराची उधारी होती. ओळख नसलेल्या माणसाशी व्यवहार करायचा तर नाणं लागे. दोन्ही रीती एकत्र नांदतात हे भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात आजही दिसतं. पितळेची जुनी भांडी मोडीत घालायची, त्यांचं वजन करून घ्यायचं आणि वरचा फरक रोख भरून नवा गंज किंवा गुंड घरी न्यायचा.

गैरसमज २ : दहाचं नाणं बंद झालंय.

वस्तुस्थिती : दहा रुपयांचं प्रत्येक नाणं चालू आहे. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केलं की, तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. रुपयाचं चिन्ह असो वा नसो, किरणं दहा असोत वा पंधरा, नाणं वैधच असतं. चलनातून बाद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची नाणी, ३० जून २०११ पासून. पन्नास पैसे अजून वैध आहेत. भाजीवाली दिवसभर दहाची नाणी घेते आणि ठोक व्यापारी ती नाकारतो, तेव्हा अफवेचा भुर्दंड तिलाच पडतो.

गैरसमज ३ : नोट फाटली किंवा तिच्यावर लिहिलं की ती गेली.

वस्तुस्थिती : फाटलेल्या नोटेसाठी २००९ चे नोट परतावा नियम आहेत. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण किंमत मिळते. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. पेनाने आकडा लिहिलेली नोट बँकेत भरता येते. राजकीय वा धार्मिक घोषणा लिहिलेली मात्र नाकारली जाते. दोन हजाराची नोटही अशीच ‘गेली’ असं समजतात. ती १९ मे २०२३ ला मागे घेतली गेली, पण तिची वैधता काढलेली नाही. ती नागपूरच्या रिझर्व्ह बँक कार्यालयात जमा करता येते, तिथे टपालानेही पाठवता येते. फाटकी नोट कमी भावात विकून टाकण्याआधी बँकेत जाऊन या.

गैरसमज ४ : सरकारने जास्त नोटा छापल्या तर गरिबी हटेल.

वस्तुस्थिती : नोटा वाढल्या म्हणून बांधीत धान वाढत नाही. धान, कापड, भांडी तेवढीच राहिली आणि नोटा दुप्पट झाल्या तर भाव चढतात. मजुरी उशिराने वाढते, किराणा आधी. नोटांमागे तेवढंच सोनं ठेवलेलं असतं हीसुद्धा जुनी समजूत आहे. १९५७ पासून रिझर्व्ह बँकेला कमीत कमी २०० कोटींचा राखीव साठा पुरतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. नोटेला खरा आधार आहे तो देशातल्या उत्पादनाचा आणि ती उद्याही चालेल या भरवशाचा.

गैरसमज ५ : धान स्वस्त, तांदूळ महाग, मधला सगळा पैसा व्यापाऱ्याचा.

वस्तुस्थिती : हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, म्हणजे किलोला २३ रुपये ६९ पैसे. सरकारी भरडाईत १०० किलो धानातून ६७ किलो अरवा (न उकडलेला) तांदूळ धरतात. म्हणजे भरडण्याआधीच एक किलो तांदळातल्या धानाची किंमत ३५ रुपयांवर जाते. त्यावर बारदाना, हमाली, वाहतूक, वीज, गोदाम. कोंडा तेलाला, तूस भट्टीला आणि कनकी वेगळी विकली जाते. त्यातून गिरणीला खर्चाचा काही भाग परत मिळतो. माल एका जागेहून दुसरीकडे आणि एका महिन्यातून दुसऱ्यात नेणं हेही काम आहे आणि त्याचं मोल आहे.

अन्याय होतो तो वेगळ्या ठिकाणी. दिवाळीच्या सुमारास सगळ्यांचं धान एकाच वेळी निघतं. देणी डोक्यावर असतात, खरेदी केंद्र उशिरा उघडतं किंवा ओलावा १७ टक्क्यांवर असल्याने धान परत येतं. चुकाऱ्याची वाट पाहणं ज्याला परवडत नाही तो हमीभावाखाली विकतो. यावर एक उपाय पणन मंडळाने १९९०-९१ पासून ठेवला आहे, शेतमाल तारण कर्ज. बाजार समितीच्या गोदामात धान ठेवायचं आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायची. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का हे मळणीआधीच विचारायला हवं.

गैरसमज ६ : शेकडा पाच म्हणजे फार नाही.

वस्तुस्थिती : गावात ‘शेकडा पाच’ म्हणतात तेव्हा तो महिन्याचा दर असतो. वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार. दहा महिन्यांत व्याजच पंचवीस हजार आणि मुद्दल तसंच उभं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकार शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेऊ शकतो. परवाना नसेल तर सावकारीच बेकायदेशीर. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा किंवा तालुका निबंधक कार्यालयात करता येते आणि सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही कायद्यात आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्यावर व्याज पडत नाही.

गैरसमज ७ : पतसंस्था काय, बँक काय, एकच.

वस्तुस्थिती : ठेवीच्या बाबतीत मोठा फरक आहे. व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे; ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला या विम्याचं संरक्षण नाही. अनेक पतसंस्था चोख कारभार करतात आणि छोट्या दुकानदाराला वेळेवर कर्ज देतात. तरीही लेकीच्या लग्नासाठी साठवलेले सगळे पैसे चढ्या व्याजाच्या आशेने एकाच ठिकाणी ठेवू नयेत.

हे सगळं जाणून घ्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मळणीआधी होणाऱ्या ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास काढून हे दर आणि नियम मोठ्याने वाचले आणि जो तो आपल्या व्यवहाराची काटापट्टी, पावती आणि व्याजाचा वार्षिक दर लेखी मागू लागला, तर पुढच्या हंगामातल्या कमाईचा बराच वाटा कष्टकऱ्याच्याच घरात राहील.