नायट्रेटयुक्त आहार आणि सायकलपटूंचा दमश्वास

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत भाग घेणाऱ्या खेळाडूंमध्ये बीटचा रस व त्यापासून तयार केलेली पूरके घेण्याची प्रथा २००९ नंतर रूढ होत गेली. या रसातील परिणामकारक घटक म्हणजे नायट्रेट. खेड्यापाड्यांत हा शब्द रासायनिक खते आणि विहिरीचे दूषित पाणी यांच्या संदर्भात परिचित आहे. अशा पदार्थाने खेळाडूचा दम वाढतो काय, आणि वाढत असल्यास किती, हे खेळाडूंनी, त्यांच्या आईवडिलांनी व क्रीडाशिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीरातील क्रिया

पालक, मुळा, बीट यांसारख्या भाज्या जमिनीतील नायट्रेट शोषून पानांत व कंदांत साठवितात. खाल्लेले नायट्रेट आतड्यातून रक्तात जाते. त्यातील काही भाग लाळग्रंथी ओढून घेतात व तो लाळेवाटे पुन्हा तोंडात येतो. तेथे जिभेवरील निरुपद्रवी जंतू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. या नायट्राइटपासून पुढे जठरात, रक्तात व स्नायूंत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. त्याच्या या कार्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंना प्राणवायू कमी पडू लागला की नायट्राइटपासून हा वायू अधिक प्रमाणात तयार होतो. जंतुनाशक द्रवाने चुळा भरल्यास मात्र जिभेवरील जंतू मरतात व ही साखळी तुटते.

प्रयोगांचे निष्कर्ष

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांना २००७ साली असे आढळले की, तीन दिवस नायट्रेट दिल्यावर सायकलवरील तेवढ्याच श्रमाला कमी प्राणवायू पुरतो. २००९ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात आठ निरोगी पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस देण्यात आला. कठोर श्रमात थकून थांबेपर्यंतचा त्यांचा सरासरी काळ ५८३ सेकंदांवरून ६७५ सेकंदांवर गेला.

हा आकडा मोठा दिसतो. परंतु थकेपर्यंत पायडल मारणे वेगळे आणि ठराविक अंतर कमी वेळात कापणे वेगळे. २०११ साली त्याच विद्यापीठात क्लब पातळीवरील नऊ सायकलपटूंची चाचणी झाली. तुलनेसाठी नायट्रेट काढून टाकलेला बीटचाच रस वापरला होता. त्यामुळे केवळ समजुतीचा परिणाम वगळता आला. ४ कि.मी. अंतरात २.८ टक्के व १६.१ कि.मी. अंतरात २.७ टक्के वेळ वाचला. दुसऱ्या अंतरात ही बचत सुमारे पाऊण मिनिट होते.

अधिक तयारीच्या आठ सायकलपटूंनी ८० कि.मी. अंतर तोडले तेव्हा फरक ०.८ टक्के इतकाच पडला व तो ग्राह्य ठरला नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या २०१२ मधील प्रयोगांत, सहा दिवस रस घेतलेल्यांचे १० कि.मी. अंतरात १२ सेकंद वाचले. एकदाच रस घेऊन सुमारे तासभर सायकल चालविणाऱ्यांना मात्र लाभ झाला नाही.

तात्पर्य, सराव जितका पक्का तितका नायट्रेटचा लाभ कमी. कसलेल्या खेळाडूच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते, प्राणवायूचा पुरवठा चांगला असतो, आणि शरीर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड पुरेसे निर्माण करते, असे याचे कारण शास्त्रज्ञ देतात.

घ्यावयाची काळजी

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ मधील निवेदनात नायट्रेटचा समावेश पुराव्याचा आधार असलेल्या मोजक्या पूरकांत केला आहे. शर्यतीपूर्वी दोन ते तीन तास सुमारे ३१० ते ५६० मि.ग्रॅ. नायट्रेट, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. रस घ्यावयाचा असल्यास प्रथम सरावात घेऊन पाहावा. काहींचे पोट बिघडते. लघवी तांबूस झाल्यास भिण्याचे कारण नाही. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी व रक्तदाबावर औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खत, सोरा किंवा प्रयोगशाळेतील क्षार ताकदीसाठी कोणीही कदापि घेऊ नयेत. नायट्रेटऐवजी चुकून नायट्राइटचा क्षार पोटात गेल्यास प्राणावर बेतते. तसेच नायट्रेटयुक्त विहिरीचे पाणी हा बीटच्या रसाचा पर्याय नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मि.ग्रॅ. आहे. तीहून अधिक नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवू शकते, आणि उकळल्याने पाण्यातील नायट्रेट कमी होत नाही.

शालेय खेळाडूंना महागड्या बाटल्यांची आवश्यकता नाही. नियमित सराव, पुरेशी झोप, पोटभर चौरस आहार आणि त्यात रोज एखादी पालेभाजी, एवढे प्रथम साधावे. वरील प्रयोगांतील लाभ काही सेकंदांचा आहे. सरावाने होणारी प्रगती त्याहून कितीतरी अधिक असते, ही गोष्ट क्रीडाशिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.