मौन म्हणजे शून्य नव्हे : हवामान केंद्रांच्या जाळ्याची माहिती एआय सहायकासाठी कशी लिहावी?

द्राक्षबागेत फळछाटणीनंतर येणारी फूट कोवळी असते. या काळात रात्री पाऊस पडून पाने बराच वेळ ओली राहिली, तर केवडा रोगाचा धोका वाढतो. समजा, तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या विस्तार कार्यकर्त्याने सकाळी एआय सहायकाला विचारले, ‘काल रात्री कोणत्या गावांत पाऊस झाला?’ सहायकाने स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी पाहिल्या आणि एका गावापुढे ‘शून्य मि.मी.’ असे लिहिले. प्रत्यक्षात त्या केंद्राची बॅटरी मध्यरात्री उतरली होती आणि पुढच्या नोंदी आल्याच नव्हत्या. सहायकाने रिकाम्या जागेचा अर्थ कोरडी रात्र असा लावला. त्या भरवशावर फवारणी लांबली, तर नुकसान बागायतदाराचे होते.

असा दोष टाळण्याचे पहिले साधन म्हणजे नेमके दस्तऐवजीकरण. हवामान केंद्रांच्या जाळ्यावर देखरेख ठेवणारी प्रणाली आपली माहिती एपीआयद्वारे, म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, उपलब्ध करून देते. एआय सहायकाला त्यातून ‘केंद्रांची यादी’, ‘केंद्राची सद्यस्थिती’, ‘पावसाच्या नोंदी’ अशी साधने मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाची माहिती यांची नोंद असते. अभियंत्याला एखादी बाब समजली नाही, तर तो सहकाऱ्याला दूरध्वनी करतो. सहायकाला मात्र प्रामुख्याने या वर्णनावरच विसंबावे लागते. त्यामुळे पुढील बाबी वर्णनातच असणे अगत्याचे आहे.

शून्य, अनुपस्थिती आणि शंका : पाऊस न पडणे, नोंद न येणे आणि नोंद संशयास्पद असणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर संपर्क सुरळीत असूनही पाऊस शून्य दिसू शकतो. म्हणून प्रत्येक अवस्थेसाठी स्वतंत्र खूण असावी. ‘शेवटचा संपर्क केव्हा झाला ते तपासल्याशिवाय पाऊस शून्य असल्याचे सांगू नये,’ असे स्पष्ट वाक्यही वर्णनात असावे.

काळ : अनेक प्रणाली जागतिक प्रमाणवेळेत नोंदी ठेवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे १० जुलैच्या पहाटे ३ वाजता पडलेला पाऊस जागतिक वेळेत ९ जुलैच्या खात्यावर जमा होतो. शिवाय भारतीय हवामानशास्त्र विभाग दैनंदिन पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजतो. ‘दिवस’ म्हणजे यांपैकी नेमका कोणता, हे लिहिले नसेल तर बरोबर नोंदींतूनही चुकीची बेरीज निघते.

एकके : पाऊस मि.मी.मध्ये, बॅटरी व्होल्टमध्ये आणि संदेशाची ताकद डीबीएममध्ये येते. डीबीएमचे आकडे बहुधा ऋण असतात. उणे ७० हा संदेश उणे ११० पेक्षा बलवान असतो, हे सांगावे लागते. केवळ आकडा देऊन भागत नाही. कोणत्या पातळीखाली केंद्र अविश्वसनीय मानावे, हेही नमूद करावे.

पाहणे आणि बदलणे : स्थिती वाचणे निरुपद्रवी असते, केंद्र पुन्हा सुरू करणे किंवा मोजणीचे प्रमाण बदलणे तसे नसते. हवामान आधारित पीक विम्यात भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. त्यामुळे बदल घडवणारी साधने वेगळी दाखवून, मानवी संमतीशिवाय ती वापरू नयेत असे लिहावे. लेखी सूचना हे मात्र कुलूप नव्हे. अधिकाराची मर्यादा मूळ प्रणालीतही घातलेली असावी.

त्रुटीचा संदेश : ‘विनंती अयशस्वी’ एवढ्याने सहायकाला दिशा मिळत नाही. ‘या केंद्राकडून सहा तास नोंद नाही, शेजारच्या केंद्राची नोंद अंतरासह द्यावी’ असा संदेश उपयोगी ठरतो.

विस्तार कार्यकर्त्याचा वाटा

हे लेखन एकट्या संगणकतज्ज्ञाचे काम नाही. कोणते केंद्र झाडाखाली आले आहे, कोणत्या खोऱ्यात संपर्क वारंवार तुटतो, शेतकरी गावाचे कोणते नाव वापरतात, हे शिवारात फिरणाऱ्यालाच ठाऊक असते. ही माहिती वर्णनात उतरवावी. नंतर ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे दहा-बारा प्रश्न सहायकाला विचारून पाहावेत. त्यांत एक प्रश्न बंद पडलेल्या केंद्राविषयी अवश्य असावा. त्यावर सहायकाने ‘पाऊस नाही’ऐवजी ‘नोंद उपलब्ध नाही’ असे सांगितले, तर हे दस्तऐवजीकरण शेतकऱ्याच्या कामी येण्याच्या मार्गावर आहे, असे समजावे.