बातमी आधी, कंत्राट मागाहून

४ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने एक बातमी छापली. ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकरांच्या गटाचे म्होरके कोण, हे आपण शोधून काढलंय, असा दावा एका अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या प्रमुखाने केला होता. अ‍ॅरन बार हे त्याचं नाव, आणि कंपनी एचबीगॅरी फेडरल.

वेळ अचूक साधलेली होती. दोन महिन्यांपूर्वी पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्डने गोपनीय कागदपत्रं उघड करणाऱ्या विकीलीक्सच्या देणग्या अडवल्या, म्हणून अ‍ॅनॉनिमसने त्यांच्या संकेतस्थळांवर हल्ले केले होते. जानेवारीच्या अखेरीस एफबीआयने ४०हून अधिक झडतीचे हुकूम बजावले. नावं सगळ्यांनाच हवी होती आणि ती आपल्याजवळ आहेत, असं सांगणारा माणूस समोर उभा होता.

बातमीत एक गोष्ट दिसत नव्हती. कंपनी डबघाईला आली होती.

अमेरिकेत सरकारची गोपनीय कामं मिळवायची तर माणसांकडे ‘क्लिअरन्स’, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून ज्याच्याकडे ती आहे त्याला बाजारात भाव असतो. ग्रेग हॉगलंड या नावाजलेल्या तज्ज्ञाची एचबीगॅरी ही मूळ कंपनी खासगी ग्राहकांना सॉफ्टवेअर विकत होती. सरकारी कामांसाठी तिने २००९ साली ‘फेडरल’ ही वेगळी शाखा काढली आणि नॉर्थरॉप ग्रमन या संरक्षण क्षेत्रातल्या बड्या कंपनीतून बारला आणलं. कागदावर बेत बिनचूक होता. कंत्राटं मात्र येईनात. २०१०च्या अखेरीस कंपनी विकून टाकायची बोलणीही चालू होती.

मग बारने दुसरी वाट धरली. अ‍ॅनॉनिमसच्या गप्पांच्या खोलीत कोण कधी येतं आणि त्याच सुमारास फेसबुकवर कोण जागं होतं, याची तो सांगड घालायचा आणि त्यावरून नावं ठरवायचा. त्याच्याच प्रोग्रामरने त्याला बजावलं होतं की यात भलतीच माणसं अडकतील. बारने ते मनावर घेतलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुरक्षा परिषदेत भाषण ठरलं होतं, एफबीआयशी भेट ठरली होती. आधी गाजावाजा, मग गिऱ्हाईक, असा सरळ हिशेब होता.

बातमीनंतर दोनच दिवसांत, रविवारी, अ‍ॅनॉनिमसने उत्तर दिलं. ते ज्या सोपेपणाने दिलं, तो या प्रकरणाचा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे.

कंपनीच्या संकेतस्थळामागचं सॉफ्टवेअर खास बनवून घेतलेलं होतं आणि त्यात ‘एसक्यूएल इंजेक्शन’ची फट राहिली होती. म्हणजे संकेतस्थळाकडे मुद्दाम वेड्यावाकड्या रचनेची मागणी पाठवली की ते आतल्या डेटाबेसमधली माहिती बाहेर टाकतं. नवशिक्या विद्यार्थ्यालाही ही चूक टाळायला शिकवतात. त्या फटीतून पासवर्डची सांकेतिक रूपं बाहेर आली. ती दुबळ्या पद्धतीने साठवलेली होती, त्यामुळे तयार तक्त्यांशी ताडून मूळ शब्द काढता आले. बार आणि त्याचा सहकारी यांचे पासवर्ड सहा छोटी अक्षरं आणि दोन आकडे एवढेच होते. शिवाय बारने एकच पासवर्ड ईमेल, ट्विटर, लिंक्डइन असा सगळीकडे वापरला होता. कंपनीच्या ईमेल व्यवस्थेच्या किल्ल्याही त्याच खात्यात होत्या.

हॉगलंडच्या ‘रूटकिट डॉट कॉम’ या संकेतस्थळासाठी तर फट शोधायचीही गरज पडली नाही. हॅकरांनी हॉगलंडच्याच खात्यावरून व्यवस्थापकाला ईमेल केला, मी बाहेर आहे, पासवर्ड बदलून दे. त्या भल्या माणसाने तो बदलून दिला. नवा पासवर्ड होता ‘चेंजमी१२३’.

हजारो ईमेल चव्हाट्यावर आले. मूळ एचबीगॅरीच्या अध्यक्ष पेनी लीव्ही स्वतः अ‍ॅनॉनिमसच्या गप्पांच्या खोलीत शिरून विनवण्या करू लागल्या. समोरून मागणी आली, आधी बारला काढा.

इथवर हा नुसता फजितीचा किस्सा ठरला असता. ईमेल वाचायला सुरुवात झाली आणि वेगळंच पितळ उघडं पडलं. हंटन अँड विल्यम्स ही वॉशिंग्टनच्या वर्तुळात वजन असलेली वकिली संस्था. तिच्यासाठी एचबीगॅरी फेडरल, पॅलंटिर आणि बेरिको या तीन कंपन्यांनी ‘टीम थेमिस’ नावाची जूट बांधली होती. तिघींची ओळख सरकारी सुरक्षा कामांमधली. बँक ऑफ अमेरिकेला तेव्हा विकीलीक्सची धास्ती होती. तिच्यासाठी केलेल्या सादरीकरणात विकीलीक्सला खोटी कागदपत्रं पुरवून नंतर ती खोटी असल्याचा बोभाटा करावा, असं सुचवलं होतं. ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराचं नाव घेऊन, त्याच्यासारख्यांवर दबाव आणला की विकीलीक्सचा पाठिंबा ढासळेल, असंही लिहिलं होतं. ईमेलांतल्या एका टिपणीनुसार बँकेला या वकिलांचा पत्ता खुद्द न्याय खात्याकडून मिळाला होता.

यू.एस. चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगपतींच्या संघटनेसाठीही असाच प्रस्ताव होता. टीकाकारांची, त्यांच्या कुटुंबांचीसुद्धा, माहिती गोळा करायची आणि महिन्याला २० लाख डॉलर घ्यायचे. अतिरेक्यांचा माग काढण्यासाठी सरकारला विकायची विद्या आता देशातल्याच पत्रकारांवर आणि कार्यकर्त्यांवर लावायची, एवढाच याचा अर्थ. आपण हे काम कुणाला दिलंच नव्हतं, असं बँकेने आणि चेंबरने सांगितलं. पॅलंटिरचे प्रमुख अ‍ॅलेक्स कार्प यांनी ग्रीनवाल्डची माफी मागितली आणि एचबीगॅरीशी संबंध तोडले. बेरिकोनेही तेच केलं.

समाजमाध्यमांवर खोट्या माणसांची फौज उभी करण्याची चर्चाही त्या ईमेलांत होती. ती हवेतली नव्हती. अमेरिकी हवाई दलाने २०१०मध्ये अशा सॉफ्टवेअरसाठी जाहीर मागणी काढली होती. ५० माणसांनी प्रत्येकी दहा बनावट व्यक्ती चालवायच्या. मार्च २०११मध्ये ‘गार्डियन’ने दाखवून दिलं की यासारखं कंत्राट अमेरिकी लष्कराच्या सेंट्रल कमांडने एन्ट्रेपिड या दुसऱ्याच कंपनीला २७ लाख ६० हजार डॉलरांना दिलंय. आपण ते फक्त अरबी, फारसी, उर्दू, पश्तू अशा परकी भाषांत वापरतो, असा खुलासा लष्कराने केला.

‘फायनान्शियल टाइम्स’चं काय चुकलं? बारच्या दाव्याला बातमीमूल्य होतं, हे खरं. पण हेरगिरीच्या जगातला दावा बाहेरच्या वार्ताहराला पडताळून पाहता येत नाही आणि तिथेच असल्या उद्योजकांचं फावतं. छापून आलेलं कात्रण पुढच्या बैठकीत पुरावा म्हणून मांडता येतं.

हॅकर संतांच्या पंगतीतले नव्हते. ‘केला’ या नावाने सोळा वर्षांची मुलगी म्हणून वावरणारा प्रत्यक्षात माजी ब्रिटिश सैनिक निघाला. २०१३मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यातला ‘साबू’ तर जून २०११मध्ये पकडला गेला आणि एफबीआयचा खबऱ्या बनला.

बारने २८ फेब्रुवारीला राजीनामा दिला. त्याआधीच विनोदवीर स्टीफन कोल्बेअरने टीव्हीवर त्याची यथेच्छ खिल्ली उडवली होती. थेमिसची चौकशी करा, अशी मागणी हँक जॉन्सन यांच्यासह काही डेमोक्रॅट खासदारांनी केली, पण प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष लमार स्मिथ यांनी ती मानली नाही. मूळ एचबीगॅरी २०१२च्या सुरुवातीला मॅनटेक इंटरनॅशनल या सरकारी कंत्राटदार कंपनीने विकत घेतली. पॅलंटिरचा लष्कर आणि गुप्तचर खात्यांशी असलेला धंदा त्यानंतर वाढतच गेला.