धडधडीचा नेमका पत्ता

दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉल रंगला की अख्ख्या गडहिंग्लजची छाती धडधडते. ही धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. पण भाकऱ्या थापता थापता बटण दाबल्यासारखे ठोके एकदम मिनिटाला दीडशे-दोनशेवर गेले आणि तसेच एकदम थांबले, तर हृदयातल्या विजेच्या वाटा तपासायला हव्यात.

अशा अचानक धडधडीचा नेहमीचा प्रकार म्हणजे एव्हीएनआरटी. हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या गाठीपाशी विजेला एकाऐवजी दोन वाटा असतात. वीज एकीनं जाते, दुसरीनं परत येते आणि तिथंच गरगरत राहते. पुरुषांपेक्षा बायकांत हा जवळपास दुप्पट आढळतो. आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं तेही जास्त करून त्यांनाच. याची चीड येते, कारण हा आजार बहुतेकदा कायमचा बरा होतो!

कसा? जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयात जातात. जांघ तेवढी बधिर. पेशंट बहुधा जागाच. मग डॉक्टर ती धडधड मुद्दाम सुरू करतात, वीज कुठून फिरते ते पाहतात आणि नेमकी ती जागा पन्नास अंशांच्या वर तापवून डागतात. यालाच अॅब्लेशन म्हणतात. डाग जेमतेम काही मिलिमीटरचा. शंभरातले पंचाण्णवांहून जास्त यातून मोकळे होतात. पेसमेकरची वेळ क्वचित येते.

गोठवूनही हे जमतं. आधी उणे तीस अंशांच्या आसपास थंड करून बघायचं. जागा चुकली असेल तर सोडून द्यायची, ती पूर्ववत होते. हे मला सगळ्यात भारी वाटतं.

या उपचाराच्या सुरुवातीला, १९८०च्या दशकाच्या आरंभी, सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी नळीतून थेट विजेचा झटका दिला होता. १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांना ४५ पेशंटांत एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित धडधडीच्या, ठिणग्या सापडल्या त्या बहुतेक फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत. २००४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असताना टोनी ब्लेअर यांनीही अॅब्लेशन करून घेतलं.

धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा नॉर्मल येतो. म्हणून ती चालू असतानाच जवळचा दवाखाना गाठा आणि ईसीजी काढून घ्या. चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर क्षणभरही थांबू नका. कोल्हापूरला किंवा बेळगावला दाखवायला जाताना तो ईसीजीचा कागद फायलीत सगळ्यात वर ठेवा, आणि खर्च सरकारी योजनेत बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.