पडदा कोणी उघडायचा?

पडद्यामागे माणूस असतो, हे सिंधुदुर्गातल्या आमच्या पिंगुळीच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, चित्रांवरून कथा सांगणारी चित्रकथी हे सारं इथल्या ठाकर कलाकारांनी जपलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. दशावतारी नाटकात तर पुरुषच रात्रभर सीता, द्रौपदी होतात. गावाला त्याचं कौतुक आहे. मुलगी म्हणून वाढलेला मी मात्र पुरुष म्हणून जगायला निघालो, तेव्हा सगळी तयारी गुपचूप करावी लागली. त्या तयारीचे हे किस्से.

सुईच्या आधी

लोकांना वाटतं, डॉक्टरकडे गेलं की इंजेक्शन मिळतं. पण माझं आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं झालं, मग हार्मोनतज्ज्ञांशी. हिमोग्लोबिन, लिव्हर, साखर, कोलेस्टेरॉल सगळं तपासलं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने रक्त दाट होऊ शकतं, म्हणून रक्ततपासणी पुढेही चालूच राहते. “पुढे स्वतःचं मूल हवंय का? बीजांडं आधी साठवता येतात,” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. बदललेला आवाज आणि आलेली दाढी परत जात नाही, पाळी थांबली तरी हे औषध गर्भनिरोधक नव्हे, हेही त्यांनी नीट समजावलं. मोठ्या इलाजाला गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठायची आमच्या जिल्ह्याला सवयच आहे. उपचारासाठी बाहेर जाताना घरी मी नोकरीच्या मुलाखतीचं कारण दिलं होतं.

मिठाच्या गुळण्या

औषध तेलातलं, म्हणून सुई सावकाश द्यावी लागते. पुरळ लवकर आलं, दाढी मात्र वर्षानुवर्षं भरत जाते. या दोन्हींवर कोणी काही विचारलं नाही. आवाजाने मला उघडं पाडलं. काही महिन्यांत तो फाटू लागला. शेजारची काकी म्हणाली, “आवाज बसलो काय गो तुझो? मिठाच्या पाण्यान गुळण्यो कर.” मी रोज तिच्यासमोर गुळण्या करत राहिलो. आवाज काही सुटला नाही. मग एका दुपारी तिला अंगणात बसवून सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. उठताना म्हणाली, “जेवलंस काय रे?”

ब्रिस्टलची चुगली

टेस्टोस्टेरॉन १९३५ साली प्रथम शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. १९३९मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मायकल डिलननी त्याच्या गोळ्या सुरू केल्या. पुरुष होण्यासाठी हे औषध घेणारे ते पहिले ज्ञात माणूस. त्यांना ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, त्यांनीच ही गोष्ट बाहेर बोलून टाकली. त्यामुळे डिलननी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि गॅरेजमध्ये काम धरलं. पुढे ते डॉक्टर झाले, जहाजावर रुजू झाले. १९५८मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचं पूर्वायुष्य छापलं, तेव्हा ते भारतात आले, बौद्ध श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) झाले आणि १९६२मध्ये डलहौसीला वारले. औषधाने त्यांना हवं ते आयुष्य दिलं. चुगलीने ते दोनदा उधळलं.

बीडचा शिपाई

बीड पोलीस दलातल्या ललित साळवेंनी २०१७मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले. अखेर परवानगी मिळाली आणि मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची शारीरिक घडण माझ्याहून वेगळी, वाटही वेगळी. पण त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने आपली गोष्ट सांगितली. ते टीव्हीवर बोलताना पाहिले, तेव्हा मराठीत हे बोलता येतं असं मला पहिल्यांदा वाटलं.

डिलन आणि साळवे यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. कधी, कोणाला, किती सांगायचं, हे ज्याचं आयुष्य त्यानेच ठरवायचं. रक्त तपासणारा, औषध देणारा, कागदावर शिक्का मारणारा अशा अनेकांना आमची गोष्ट आमच्या आधी कळते. त्यांनी तोंड बंद ठेवलं, तर गावात राहूनही आम्हाला उपचार घेता येतील.