खाजकुयलीतले औषध आणि त्याचे दुष्परिणाम

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पूर्व विदर्भातल्या अशा पानझडी जंगलांत त्या सुमारास एका वेलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. शेंगांवरची तपकिरी लव अंगाला लागली, की आग आणि खाज सुटते. ही खाजकुयली, आयुर्वेदातली कपिकच्छू. खाज लवेमुळे येते. आपल्याला काम आहे ते शेंगेतल्या बियांशी. बियांच्या वजनाच्या सुमारे ३ ते ६ टक्के भाग लेव्होडोपा या रसायनाचा असतो. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते या बियांतून वेगळे काढले. कंपवातावरचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजारावरचे, सर्वांत गुणकारी औषध आजही हेच आहे. गोळीतला रेणू आणि बीतला रेणू यांत काडीचाही फरक नाही. तेव्हा ‘गोळ्यांना साइड इफेक्ट असतात, चूर्णाला नसतात’ हे नेहमी कानावर पडणारे विधान जरा तपासून पाहू.

आपल्या हालचाली सुरळीत होण्यासाठी मेंदूत डोपामिन लागते. मध्यमेंदूतल्या एका काळसर भागातील चेतापेशी ते तयार करतात. कंपवातात या पेशी मरत जातात. हात थरथरतो, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. मग डोपामिनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर आहे आणि डोपामिन तो ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्लांना आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांवर बसून ते मेंदूत शिरते आणि तिथे एका विकराच्या मदतीने त्याचे डोपामिन होते.

अडचण अशी, की हेच विकर आतड्यांत, यकृतात आणि मूत्रपिंडांतही असते. स्वित्झर्लंडमधील मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ साली एका घेवड्यासारख्या कडधान्यातून लेव्होडोपा मिळवले आणि अडीच ग्रॅम स्वतः घेऊन पाहिले. त्यांना जोराच्या उलट्या झाल्या. कंपवाताशी या रसायनाचा काही संबंध आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, पण त्याच्या पहिल्या दुष्परिणामाची नोंद मात्र झाली! पोटात गेलेल्या लेव्होडोपाचे बरेचसे डोपामिन वाटेतच होते. उलटीची भावना जागवणारे मेंदूतले केंद्र नेमके अडसराच्या बाहेर आहे. रक्तातले डोपामिन तिथे पोचते आणि मळमळ सुरू होते. उभे राहताना रक्तदाब घसरून चक्कर येण्यातही त्याचा वाटा असतो.

जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत अल्प मात्रेपासून हळूहळू चढत जाऊन हे औषध सोसवते असे दाखवले. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. कार्बिडोपा त्या विकराला अडवते, परंतु स्वतः मेंदूत शिरत नाही. त्यामुळे लेव्होडोपाची गरज पाऊण हिश्शाने कमी झाली. गोळीच्या पाकिटावर २७५ हा आकडा दिसला, तर तो २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा यांची बेरीज असतो. इथे एक सावधगिरी. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड मेंदूत शिरून डोपामिनचा मार्ग अडवते आणि कंपवात वाढवते. या रुग्णांना ते देत नाहीत.

काही वर्षांनी वेगळाच त्रास सुरू होतो. रक्तात लेव्होडोपा तास-दीड तासात निम्मे होते. आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून वापरतात. त्या आणखी घटल्या, की साठवण संपते आणि मेंदूतले प्रमाण रक्तातल्या चढउतारांबरोबर हेलकावू लागते. पुढची गोळी यायच्या आतच शरीर आखडते. उलट प्रमाण चढले असताना हातपाय, मान, धड आपोआप वळवळतात. पाहणाऱ्याला वाटते आजार बळावला. वास्तविक थरथर डोपामिनच्या अभावाची आणि ही वळवळ औषधाच्या भराची. दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. कोणत्या वेळी काय होते याची घरच्यांनी ठेवलेली वही डॉक्टरांना इथे फार उपयोगी पडते. जेवणाची वेळही त्यात लिहावी, कारण प्रथिनयुक्त जेवणातली अमिनो आम्ले त्याच वाहकांसाठी स्पर्धा करतात आणि गोळी ‘लागू पडत नाही’.

आता चूर्णाकडे वळू. त्यावर गंभीर काम झालेले आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. वळवळही वाढली नाही. पण ती थोड्या मात्रांची चाचणी होती. बोलिव्हियातील १६ आठवड्यांच्या चाचणीत (२०१८) १४ पैकी निम्म्या रुग्णांनी चूर्ण मधेच सोडले. पोटाच्या तक्रारी हे एक मोठे कारण होते. चूर्णात कार्बिडोपा नसते, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. शिवाय हिशोब करून पाहा: १० ग्रॅम बियांत लेव्होडोपा ३०० मिलिग्रॅमही असेल, ६०० सुद्धा. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता हे चूर्ण घेणे म्हणजे त्याच औषधाची मात्रा अंदाजाने वाढवणे.

डोपामिनचा संबंध केवळ हालचालींशी नाही. हवेसे वाटणे, बक्षिसाची ओढ यांच्याशीही आहे. औषधांमुळे काहींना नसलेली माणसे दिसतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्यांत जुगार, बेसुमार खरेदी, अतिखाणे, अनावर लैंगिक इच्छा यांचे प्रमाण जास्त आढळते. ३,०९० रुग्णांच्या २०१० सालच्या पाहणीत ते अशी औषधे घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७ टक्के होते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले निवृत्त गृहस्थ लॉटरीवर पेन्शन उधळू लागले, तर घरचे बोल लावतात, स्वतः ते लाजेने लपवतात, आणि डॉक्टरांना कोणीच सांगत नाही. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले, की हे वागणे पुष्कळदा थांबते.

मात्र घाबरून घरच्या घरी गोळ्या एकदम बंद करणे याहून धोक्याचे. डोपामिन अचानक तुटल्याने शरीर लाकडासारखे ताठ होते, तीव्र ताप चढतो, शुद्ध हरपते. वेळीच रुग्णालयात नेले नाही तर जीवही जातो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने.